व्हिडिओत पट्टे सरकतात, उजेड लुकलुकतो: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शूटिंगवाल्यांसाठी

लग्नसराई लागली की एकच तक्रार फिरून फिरून कानावर येते. कार्यालयात शूटिंग करताना स्क्रीनवर सगळं बरं दिसत होतं; घरी येऊन कॉम्प्युटरवर लावलं तर नवरीच्या चेहऱ्यावरून काळपट आडवे पट्टे सरकतायत. कुणी म्हणतो सेन्सर गेला, कुणी म्हणतो कार्ड खराब, कुणी थेट नवा कॅमेरा बघायला निघतो. गणपतीत मंडळाची पोरं, वडगावात मागावर रील करणारे, कीर्तनाचं लाइव्ह करणारे, ओट्यावर रेसिपी दाखवणाऱ्या ताई, सगळ्यांचं दुखणं हेच. कॅमेरा बदलायच्या आधी खाली सांगितलंय ते करून बघा. बहुतेक वेळा कॅमेऱ्याला काहीही झालेलं नसतं, शटर (म्हणजे एकेक फ्रेम टिपताना कॅमेरा किती वेळ उघडा राहतो) आणि दिवा यांचा मेळ बसलेला नसतो.

आधी दुखणं ओळखा

‘लुकलुकतं’ या एका तक्रारीखाली तीन-चार वेगवेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. म्हणून क्लिप थांबवून, एकेक फ्रेम पुढं सरकवत बघा.

फ्रेममध्ये आडवे पट्टे आहेत, काही भाग उजळ, काही काळपट, आणि चालू केल्यावर ते वर किंवा खाली सरकतात: हा विजेच्या लयीचा आणि शटरचा प्रश्न. या लेखातला बराचसा मजकूर त्याच्याबद्दल आहे.

पट्टे नाहीत, पण अख्खं चित्र सावकाश उजळतं आणि मंदावतं. पांढऱ्या धोतरातले भटजी फ्रेममध्ये आले की सगळं काळवंडतं, ते बाजूला झाले की पुन्हा उजळतं. याचा विजेशी काही संबंध नाही. कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर आहे, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते स्वतःच ठरवतोय, एवढंच. एक्स्पोजर लॉक करा. आयफोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की एई/एएफ लॉक दिसतं, बाकीच्यांवर मॅन्युअल मोड. हीच गोष्ट रंगाची: चेहरा कधी पिवळा, कधी निळसर होत असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठला ते कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं) बंद करून आकडा पक्का करा.

फक्त मागच्या एलईडी वॉलवर रेघा आहेत आणि माणसं स्वच्छ दिसतायत, तर प्रश्न वॉलचा. त्याचं पुढं सांगतो.

आणि एकच कोपरा, एकच माळ किंवा एकच बल्ब लुकलुकत असेल तर दोषी तो एकटाच आहे. बाकी सेटिंगला हात लावू नका.

पट्टे येतात कुठून

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा जोर धरतो, दोनदा शून्यावर येतो. म्हणजे साधी चोकवाली ट्यूब किंवा हलका एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण तो प्रत्येक फ्रेम ठराविक वेळच उघडा राहून टिपतो.

आता फोन पेटीतून काढल्यावर कसा असतो? सेकंदाला ३० फ्रेम, आणि शटर आपोआप १/६० सेकंद किंवा त्याहून जलद. हे आकडे ६० हर्ट्झ वीज असलेल्या अमेरिकेच्या हिशोबातले. तिथं दिवे सेकंदाला १२० वेळा ठोका देतात, १/६० मध्ये बरोबर दोन ठोके बसतात. आपल्या १०० ठोक्यांच्या उजेडात १/६० सेकंदात पावणेदोनच्या आसपास ठोके येतात. आणि मोबाइलचा, बहुतेक कॅमेऱ्यांचाही सेन्सर सगळी फ्रेम एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतो. त्यामुळं काही ओळींच्या वाट्याला उजेडाचे दोन भर येतात, काहींच्या वाट्याला एक आणि थोडा. तोच पट्टा.

तो सरकतो का, याचंही उत्तर याच हिशोबात आहे. ३० फ्रेमनं प्रत्येक फ्रेममागं ३.३३ ठोके होतात, म्हणून पट्टा दर फ्रेमला जागा बदलतो आणि तीन फ्रेमनी पुन्हा मूळ ठिकाणी येतो. २५ फ्रेमनं मात्र प्रत्येक फ्रेममागं बरोबर ४ ठोके होतात. शटर चुकलं तरी पट्टा जागेवर थांबतो, नाचत नाही. आपल्या भागात २५ फ्रेमवर शूट करा असं मी आग्रहानं सांगतो त्याचं कारण हे. सेटिंगमध्ये एखादी गोष्ट विसरली तरी २५ फ्रेम तुम्हाला सांभाळून घेतात.

शटर: हा एक आकडा आधी लावा

दिव्याच्या उजेडात शूट करताना शटर १/५० किंवा १/१००. तिसरा आकडा नको. १/५० मध्ये बरोबर दोन ठोके बसतात, १/१०० मध्ये बरोबर एक. अंधार फारच असेल आणि माणूस जागेवर बसलेला असेल तर १/२५ चालतं, पण हात हलला की पुसट होतो.

फ्रेम २५ असू द्या. ३० ठेवायचेच असतील, रीलसाठी किंवा समोरच्यानं तसं मागितलं म्हणून, तरी शटर १/५० ठेवलं की पट्टे जातात. ३० फ्रेम हा गुन्हा नाही, १/६० शटर हा आहे. ५० फ्रेमवर स्लो मोशन घ्यायचं असेल तर १/१००.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण हळदीच्या आणि अक्षतांच्या स्लो मोशनमध्ये घोटाळा इथंच होतो. १२० फ्रेमवर प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त १/१२० सेकंद मिळतो. १/१०० तिथं बसतच नाही. म्हणजे कार्यालयाच्या लुकलुकत्या दिव्यांखाली १२० फ्रेमचं स्लो मोशन कुठल्याही सेटिंगनं स्वच्छ येणार नाही. १०० फ्रेमचा पर्याय असेल आणि शटर पूर्ण उघडं १/१०० ठेवता येत असेल तर येईल. नाहीतर हळद अंगणात, सूर्यप्रकाशात घ्या, किंवा बॅटरीवर चालणारं चांगलं पॅनेल जवळ आणून बाकीचे दिवे बंद करा.

सेटिंग कुठं सापडतात ते थोडक्यात. कॅमेऱ्यात व्हिडिओ सिस्टिम किंवा एनटीएससी/पाल (६० आणि ५० हर्ट्झच्या हिशोबातल्या दोन पद्धती) असं काहीतरी असतं, तिथं पाल निवडा म्हणजे २५ आणि ५० दिसू लागतात. काही कॅमेरे हे बदलल्यावर कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून हे काम घरी करा, बोहल्याशेजारी उभं राहून नको. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथं ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय येतो. शटर हातानं लावायला ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप फुकट मिळतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड आहे. कॉम्प्युटरला वेबकॅम जोडून लाइव्ह करत असाल तर कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. हे एवढं केलं तरी देवळातल्या कीर्तनाची निम्मी तक्रार मिटते.

१/५० वर चित्र जास्त उजळ झालं तर शटर जलद करू नका. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) खाली आणा, अपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करा, तरी भागलं नाही तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची करडी काच, लावा. एनडी ८ लावला की उजेड तीन स्टॉपनी उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). कार्यालयाच्या मोठ्या खिडकीतून दुपारचं ऊन येतंय आणि आत ट्यूबा चालू आहेत, अशा वेळी हा फिल्टर फार कामाला येतो. ऊन बघून फोन शटर १/५०० वर नेतो आणि ट्यूबांचे पट्टे उठतात. लोक बुचकळ्यात पडतात की एवढ्या उजेडात पट्टे कसे.

दोन-तीन कॅमेरे असतील तर सगळे एकाच फ्रेम रेटवर. एक २५, एक ३० असेल तर एडिटिंगला बसणारा माणूस रात्रभर त्यातच अडकतो.

शटर बरोबर आहे, तरी लुकलुकतं: आता दिवा शोधा

१/५० लावूनही त्रास राहिला तर तो विजेच्या लयीत नसलेल्या दिव्यामुळं. असा दिवा हातानं शोधता येतो.

फोनचा प्रो मोड उघडा, शटर १/१००० किंवा त्याहून जलद करा आणि एकेका दिव्यापुढं भिंतीवर रोखा. ज्या दिव्याखाली भिंतीवर ठळक काळे पट्टे दिसतात तो लुकलुकणारा. जिथं भिंत सपाट दिसते तो स्वच्छ. पट्टे जाड आणि लांब लांब असतील तर विजेचे १०० ठोके, बारीक आणि दाट असतील तर डिमरचे. फोन नसला तरी चालतं: दिव्याखाली पांढरा पेन बोटांत धरून झपझप हलवा. स्वच्छ उजेडात पेनचा एकसंध पुसट पंखा दिसतो. लुकलुकत्या उजेडात पेन तुटक तुटक, वेगवेगळ्या काड्यांसारखा दिसतो. कार्यालयात पोचल्या पोचल्या एवढं करायला चहा प्यायचा वेळही लागत नाही, आणि कुठल्या भिंतीकडं कॅमेरा लावायचा ते ठरतं.

दिवे लुकलुकण्याची कारणं अशी. स्वस्तातल्या एलईडी बल्बमध्ये ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) दिव्याच्या पट्टीवरच बसवलेला असतो, उजेड सपाट ठेवणारा मोठा कपॅसिटर त्यात नसतो किंवा नावापुरता असतो. तो शंभरच्या लयीत पूर्ण खोल डुबक्या मारतो. चांगला बल्बसुद्धा बंद काचेच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं तापला की आतला कपॅसिटर वाळतो आणि लुकलुक वाढत जाते. म्हणून मागल्या वर्षी त्याच हॉलमध्ये नीट आलं होतं, यंदा का नाही, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच. गावाच्या टोकाला, लाइनीच्या शेवटी, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी आणि दिवे चालू झाले की व्होल्टेज २३० वरून बरंच खाली जातं. तेव्हा साधे बल्ब अजून बिघडतात. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असा पल्ला लिहिलेले बल्ब अशा ठिकाणी टिकाव धरतात.

जुन्या चोकवाल्या ट्यूबा १०० च्या लयीत उजळतात-मंदावतात, वर थोडी हिरवी झाकही टाकतात. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब वीस हजार हर्ट्झच्या वर चालते, तिचा त्रास नाही.

आणि डिमर. एलईडी मंद करायला बहुतेक ठिकाणी पीडब्ल्यूएम वापरतात, म्हणजे दिवा प्रत्यक्षात मंद होत नाही, झपाट्यानं बंद-चालू होतो. रंगीत माळा, एलईडी पट्ट्या, हलके व्हिडिओ पॅनेल यांत हा वेग काही शे हर्ट्झच असतो. दिवा पूर्ण तेजावर नेला की बंद होण्याचा काळच उरत नाही आणि लुकलुक जाते. म्हणून हलकं पॅनेल कधीही वीस-तीस टक्क्यांवर चालवू नका. शंभर टक्क्यांवर ठेवा आणि उजेड कमी करायचा असेल तर पॅनेल मागं न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. नाहीतर पुढं पांढरं सुती कापड धरा. सुती कापडानं उजेड मऊही होतो, चेहऱ्यावरचा घाम चमकत नाही.

मंगल कार्यालय आणि स्टेज

कार्यालयात सगळ्यात जास्त त्रास रंगीत पार लाइटचा, म्हणजे स्टेजवरच्या डब्यासारख्या रंगीत दिव्यांचा. गुलाबी-निळा उजेड फिरत असतो, त्यात चेहऱ्याचा रंग कधीच पकडता येत नाही आणि मंद केलेले पार पट्टेही टाकतात. यावर कॅमेऱ्यात उपाय नाही, माणसाशी बोलण्यात आहे. डेकोरेशनवाल्याला मुहूर्ताच्या आधी गाठा, मानानं सांगा: “मामा, मंगलाष्टका सुरू झाल्या की पुढचे चार पार पांढरे करा, फुल्ल करा, आणि फिरवू नका. अक्षता पडल्या की तुमचं काय ते चालू करा.” मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये, बहुतेक जण आनंदानं करतात. त्यांनाही आपलं डेकोरेशन व्हिडिओत चांगलं दिसायला हवं असतं. आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून पार ऑटोवर पडलेले असतात.

मांडवाच्या कापडाचाही विचार करा. वर पिवळं-गुलाबी कापड आणि त्यातून गाळून येणारं ऊन, की सगळी वऱ्हाडमंडळी पिवळी. व्हाइट बॅलन्स त्याच मांडवात, त्याच उजेडात, पांढरा कागद धरून लावा. मग स्टेजवर वेगळा, मांडवात वेगळा.

एलईडी वॉल: वॉलच्या रिफ्रेश रेटवर, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं उमटवते त्यावर, बरंच अवलंबून आहे. १९२० हर्ट्झची वॉल डोळ्याला छान दिसते, पण कॅमेऱ्यात आडव्या रेघा देते. ३८४० ची बरीच सोसते. वॉलवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रिफ्रेश वाढवता येत असेल तर वाढवायला सांगा. त्याच्या पॅनेलची ताकद त्याला माहीत असते. तुमच्या हातात आहे ते हे: शटर १/५० पेक्षा जलद न करणं, वॉलवर थेट फोकस न ठेवणं, आणि जोडप्याला वॉलपासून चार-पाच फूट पुढं उभं करणं. फोकस चेहऱ्यावर, मागची वॉल थोडी पुसट, की रेघाही जातात आणि त्या दाण्यांची जाळीही उमटत नाही. वॉलचं तेज मात्र आवर्जून कमी करायला सांगा. घरातल्या मंडळींना ती झगझगीत आवडते, पण तिच्यापुढं माणसं काळी पडतात. हे तेज पीडब्ल्यूएमनंच उतरतं, म्हणून उतरवल्यावर कॅमेऱ्यात पुन्हा एकदा बघून घ्या.

कीर्तन-भजनाला स्टेजवरचे दिवे साधेच असतात, पण पांढरा पोशाख, पांढरी पगडी आणि मागं काळोख. ऑटो एक्स्पोजर इथं हटकून चुकतो. बुवांच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर पक्कं करा आणि शेवटच्या आरतीपर्यंत हलवू नका.

माग आणि कारखाने

वडगाव, खासबाग, शहापूरकडं पॉवरलूमवर शूट करणारे हल्ली बरेच आहेत. मागाच्या शेडमध्ये वर ट्यूबांच्या रांगा असतात. चोकवाल्या ट्यूबा असतील तर फिरत्या चाकाच्या आऱ्या कॅमेऱ्यात कधी थांबल्यासारख्या, कधी उलट्या फिरताना दिसतात. डोळ्यालाही तसा भास होऊ शकतो. फिरतं यंत्र थांबलंय असं वाटणं धोक्याचं, म्हणून मोठ्या कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर घ्यायची जुनी पद्धत आहे. एका फेजची ट्यूब मंदावते तेव्हा दुसरीची उजळलेली असते, उजेड सपाट होतो. शेडला तीन फेज असतील तर मालकाला विचारून बघा की ओळी कशा जोडल्यात. तीनही ओळी चालू ठेवून शूट केलं तर निम्मा त्रास तसाच कमी होतो. उलट आपण शूटिंगसाठी म्हणून दोन ओळी बंद करायला लावल्या तर लुकलुक वाढते.

धोटा धावताना टिपायचा असेल तर १/५० वर तो पुसट रेघ होतो. मला तरी ती रेघच आवडते, वेग त्यातच कळतो. तुम्हाला धोटा ठसठशीत हवा असेल तर १/१००. त्याहून जलद हवं असेल तर दाराशी असलेला माग निवडा, जिथं सकाळचं ऊन येतं, आणि त्याच्यावरची ट्यूब बंद करा. रेशमाच्या धाग्यावर उजेड समोरून टाकू नका, बाजूनं टाका. समोरून सगळं एकसारखं पांढरं होतं, बाजूनं जर आणि काठ उठून येतात. कापसाचा तंतू हवेत उडत असतो, म्हणून मागाजवळ गरम हॅलोजन लावू नये. एलईडी पॅनेलच वापरा.

घरातली मुलाखत

१९५६ चं राज्य पुनर्रचनेचं वर्ष आणि त्यानंतरचे सीमालढ्याचे दिवस पाहिलेली माणसं आता थोडी उरलीत. त्यांच्या मुलाखती टिपायची धडपड गावोगावची पोरं करतायत आणि ती फार मोलाची आहे. लग्नाचं शूटिंग बिघडलं तर निदान फोटो उरतात. नव्वदीतल्या आजोबांना दुसऱ्यांदा बसवणं होईलच असं नाही. म्हणून इथं दिव्यांवर अवलंबूनच राहू नका.

कौलारू घराच्या सोप्यात खिडकी किंवा दार एका बाजूला येईल असं आजोबांना बसवा. खिडकी त्यांच्या चेहऱ्याच्या तिरकस पुढं, साधारण ४५ अंशात. दुसऱ्या गालावर सावली फार गडद होत असेल तर तिकडून पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरा. घरातले सगळे दिवे बंद. खिडकीचा उजेड ५६०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, ट्यूब ६५००, पिवळा बल्ब २७००. तिन्ही एकत्र आले तर एक गाल निळा आणि एक गाल पिवळा होतो, नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते नीट जुळवून देत नाही. दिवे बंद ठेवल्यानं लुकलुक मुळातच येत नाही, आणि मध्ये वीज गेली तरी मुलाखत थांबत नाही. खानापूर, जांबोटीकडं आषाढात वीज जाणारच हे धरूनच निघावं.

ढगाळ दिवशी खिडकीचा उजेड अपुरा पडतो आणि ढग सरकतील तसा बदलतो. तेव्हा बॅटरीवरचं पॅनेल खिडकीच्याच बाजूला लावा, ५६०० वर. घरच्या इन्व्हर्टरवर पॅनेलचा अ‍ॅडॉप्टर लावायचं टाळा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हलके अ‍ॅडॉप्टर गुणगुणतात, आणि ती गुणगुण माइकमध्ये येते.

चष्म्यात पॅनेल चमकत असेल तर आजोबांना मान खाली घालायला लावू नका, चष्माही काढायला लावू नका. पॅनेल वर उचला आणि थोडं बाजूला न्या. चष्म्याच्या काड्या कानामागं किंचित वर केल्या तरी चमक काचेतून खाली निघून जाते.

ओट्यावरची रेसिपी

इथं पुष्कळ जणी ट्यूबखाली, भिंतीकडं तोंड करून शूट करतात आणि स्वतःचीच सावली पातेल्यात पडते. उजेड पदार्थाच्या मागून किंवा बाजूनं यावा. मांडे करतानाचं उदाहरण घ्या. पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवत फिरवत पसरत जातो, तेव्हा मागून खिडकीचा उजेड असेल तर त्या पातळ पापुद्र्यातून आतलं पुरण दिसतं, कडा उजळतात. समोरून ट्यूब असेल तर तोच मांडा नुसता पांढरा फडका दिसतो. चुलीच्या जाळाची भीती बाळगू नका. जाळाचा उजेड हलतो, पण विजेच्या लयीत नाही, त्यामुळं पट्टे येत नाहीत. हळदीचा रंग बिघडत असेल तर ट्यूब बंद करा किंवा नव्वदच्या वर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) असलेला बल्ब लावा.

मिरवणूक आणि जनरेटर

शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर शहरातल्या गल्ल्यांतून फिरतात, गणपती कपिलेश्वर तलावाकडं निघतात. तेव्हा १/५० लावूनही फिकट पट्टे हळूहळू तरंगताना दिसतात. कारण ट्रॉलीवरचा जनरेटर. ग्रिडची वीज देशभर ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवलेली असते. जनरेटरचं तसं नाही. भार कमी असताना तो ५२ च्या आसपास पळतो, साउंड आणि दिवे एकदम चढले की खाली बसतो. शटर ५० शी जुळलेलं, दिवे ५२ शी.

ज्या कॅमेऱ्यात शटर बारीक पायऱ्यांनी हलवता येतं, म्हणजे व्हेरिएबल शटर किंवा सिंक्रो स्कॅन, तिथं १/५१, १/५२ असं सरकवत पट्टा नाहीसा होईपर्यंत बघा. फोनवर ते जमत नसेल तर १/५० वरच राहा. पट्टा फिकट राहतो आणि हलत्या गर्दीत फारसा जाणवत नाही. देखाव्यावर क्लोजअप हवा असेल तर कॅमेऱ्यावर छोटं बॅटरीचं पॅनेल लावा. जवळच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड जास्त भरला की जनरेटरच्या दिव्यांची लुकलुक मागं पडते. जनरेटरवाल्याला वेग वाढवायला सांगू नका. त्याच्यावर साउंड चालू असतो, आणि ते काम त्याचंच.

शूट झालंय आणि पट्टे आलेत, तर

दाविंची रिझॉल्व्हच्या पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत (हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर) डीफ्लिकर, म्हणजे लुकलुक काढायची सोय, आहे, त्यात ट्यूबलाइटसाठी वेगळं सेटिंग मिळतं. स्थिर शॉटवर ते चांगलं काम करतं. फुकटात करायचं असेल तर ३० फ्रेमच्या क्लिपसाठी एक रीत आहे. पट्टा तीन फ्रेमनी मूळ जागी येतो, म्हणून तीच क्लिप तीन थरांत एकावर एक ठेवा. सगळ्यात खालची शंभर टक्के, मधली एक फ्रेम पुढं सरकवून पन्नास टक्के, वरची दोन फ्रेम पुढं सरकवून तेहतीस टक्के ओपॅसिटी (अपारदर्शकता). तिन्हींची सरासरी होते आणि पट्टा विरघळतो. बसून बोलणारा माणूस, स्टेजचा लांबून घेतलेला शॉट, यांना हे चालतं. सप्तपदीला, नाचाला लावलं तर हातांना सावल्या फुटतात. तिथं पट्टे राहू द्या आणि शक्य तेवढा शॉट छोटा कापा.

ही दुरुस्ती रंग सुधारण्याच्या आधी करा. आधी कॉन्ट्रास्ट चढवला की पट्टे अधिक गडद होतात आणि सॉफ्टवेअरला ते चित्राचाच भाग वाटतात. आणि दुरुस्तीला मूळ फाइलच घ्या, कार्डावरची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिपमध्ये दाबलेल्या चित्राचे चौकोन पट्ट्यांच्या कडांना चिकटलेले असतात, ते कशानंच निघत नाहीत. म्हणून एडिटिंग पुरतं होऊन घरच्यांनी बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.